सोन्याच्या खाणी, ऑप्शन आणि विम्याचा हप्ता

आपण जो माल विकतो त्याचाच भाव वाढला म्हणून विकणारा दिवाळखोरीच्या दारात येऊन उभा राहतो, असे कोणा शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला सांगितले तर त्याला ते पटणार नाही. ऑक्टोबर 1999 मध्ये घानातील अशांटी गोल्डफील्ड्स या सोन्याच्या कंपनीवर हीच वेळ आली. दहा-बारा दिवसांत सोने औंसाला सुमारे 270 डॉलरवरून 325 डॉलरच्या आसपास चढले होते. जिच्या खाणींत दोन कोटी औंसांच्या आसपास सोने अजून जमिनीखाली होते, त्या कंपनीला याचा आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात बँका तिच्याकडे सुमारे 27 कोटी डॉलर तारण म्हणून मागू लागल्या आणि तेवढी रोकड तिच्याजवळ नव्हती. भाव पडला तर आधार असावा म्हणून जे करार तिने केले होते, तेच भाव चढताच तिच्या गळ्याशी आले.

या प्रसंगाला पाव शतक उलटून गेले. खाणउद्योगाने आणि त्याहून अधिक त्यात पैसा गुंतवणाऱ्यांनी त्यातून असा निष्कर्ष काढला की भावाच्या जोखमीपासून संरक्षण घेणे, म्हणजे हेजिंग करणे, हाच मुळात घातक उद्योग आहे आणि चांगल्या कंपनीने त्याच्या वाटेला जाऊ नये. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. अशांटीने विम्याचा हप्ता रोख भरण्याऐवजी त्याच्या बदल्यात दुसरेच काही विकले, आणि जे विकले त्याने ती अडचणीत आली. खाण ज्या देशाची आणि ज्या गावाची आहे त्यांच्या दृष्टीने भावाचे संरक्षण आवश्यक आहे. मात्र ते उघडपणे किंमत मोजून विकत घेतलेले असावे आणि त्याचा हिशेब सार्वजनिक असावा, असे माझे म्हणणे आहे.

खाणीची अडचण आधी नीट समजून घेतली पाहिजे. सोन्याची खाण उभारायला अनेक वर्षे आणि अफाट भांडवल लागते. एकदा ती सुरू झाली की खोल बोगद्यांतले पाणी उपसणारे पंप, हवा खेळती ठेवणारे पंखे, दगड दळणाऱ्या गिरण्या, डिझेल, स्फोटके आणि कामगारांचे पगार हा खर्च भाव कितीही असला तरी चालूच राहतो. सोन्याचा भाव मात्र खाणीच्या हातात नसतो. इतर कारखानदार आपल्या मालाची जाहिरात करून किंवा त्याला वेगळे रूप देऊन दोन पैसे जास्त मिळवू शकतो. शुद्ध सोन्याला ही सोय नाही, घानाचे सोने आणि ऑस्ट्रेलियाचे सोने लंडनच्या बाजारात एकाच भावाने जाते. औंसामागे हजार डॉलर खर्च येणाऱ्या खाणीच्या सोन्याचा भाव बाराशेवरून अकराशेवर आला, तर भाव जेमतेम आठ टक्के उतरलेला असतो, पण नफा निम्म्यावर येतो.

यावर सर्वांत जुना उपाय म्हणजे पुढचे सोने आजच ठरलेल्या भावाने विकून टाकणे. कोकणातला बागायतदार आंब्याची बाग मोहोरावर असतानाच व्यापाऱ्याला देतो, तसाच हा व्यवहार आहे. पुढे भाव पडला तरी चिंता नाही आणि चढला तरी त्यात वाटा नाही. सोन्याच्या बाबतीत 1990 च्या दशकात या व्यवहाराला आणखी एक आकर्षण होते. मध्यवर्ती बँका आपल्या तिजोऱ्यांतले सोने अल्प भाड्याने उसने देत असत. बँका ते उसने सोने बाजारात विकून आलेल्या डॉलरवर व्याज मिळवीत, आणि त्या व्याजातला मोठा हिस्सा खाणीला पुढच्या भावात जोडून देत. त्यामुळे पुढच्या तारखेचा भाव आजच्या भावापेक्षा दरवर्षी काही टक्क्यांनी जास्त असे. पडत्या बाजारातही हमखास जास्त भाव मिळत असल्याने कंपन्यांना त्याची सवय लागली. दशक संपता संपता जगभरच्या खाणींनी आगाऊ विकलेले सोने सुमारे 3000 टनांवर गेले; ते जगाच्या वर्षभराच्या खाण-उत्पादनापेक्षाही जास्त होते.

दुसरा उपाय ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने माल विकण्याचा (पुट) किंवा घेण्याचा (कॉल) हक्क विकत घेण्याचा आहे. त्यातला पुट ऑप्शन मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण हमीभाव हा व्यवहाराच्या दृष्टीने पुट ऑप्शनच आहे. बाजारात सोयाबीनचा भाव हमीभावापेक्षा वर असेल तर शेतकरी बाजारात विकतो आणि खाली गेला तर सरकारी केंद्रावर विकण्याचा हक्क वापरतो. हक्क त्याचा असतो, सक्ती त्याच्यावर नसते. खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, बारदान संपते, ही रड वेगळी. तत्त्व मात्र हेच. फरक इतकाच की हमीभावाची किंमत सरकारी तिजोरी भरते आणि खाणीला पुट ऑप्शनची किंमत, म्हणजे प्रीमियम, स्वतः मोजावी लागते. ती एकदा मोजली की त्यानंतर खाणीवर कसलीही देणी उरत नाहीत. भाव कितीही चढो, तारण म्हणून आणखी पैसे आणा असे तिला कोणी म्हणू शकत नाही. पुढच्या साऱ्या चर्चेत ही एक गोष्ट विसरून चालणार नाही.

कॉल ऑप्शन विकणे हा याच्या उलटा व्यवहार आहे. व्यापारी थोडा इसार हातावर ठेवतो आणि त्या बदल्यात, भाव चढलाच तर माल ठरलेल्या दराने उचलण्याचा हक्क घेऊन ठेवतो. भाव चढला नाही तर तो फिरकत नाही आणि इसार विकणाऱ्याकडे राहतो. चढला तर विकणाऱ्याला तक्रारीला जागा नसते. इथे हक्क व्यापाऱ्याचा आणि बंधन मालधन्याचे असते. इसाराची रक्कम आज मिळते, बंधन मात्र पुढे कधीतरी जाणवते. म्हणून अडचणीतल्या माणसाला हा सौदा गोड वाटतो.

हे दोन व्यवहार एकत्र केले की बँकांचा विक्रेता ज्याला शून्य खर्चाची कॉलर म्हणतो तो सौदा तयार होतो. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. सोन्याचा भाव औंसाला 2000 डॉलर आहे. वर्षभरासाठी 1900 डॉलरचा पुट घ्यायचा तर बाजार शांत असताना सुमारे 50 डॉलर पडतात. वर्षाला एक लाख औंस सोने काढणाऱ्या खाणीला हा हप्ता 50 लाख डॉलरचा झाला, आणि तो मंजूर करताना संचालक मंडळाच्या कपाळावर आठ्या पडतात. अशा वेळी बँक सुचवते की 2300 डॉलरचा कॉल आम्हाला विका, त्याचेही सुमारे 50 डॉलरच येतात, म्हणजे तुमच्या खिशातून काहीच जाणार नाही. भाव 1900 ते 2300 च्या दरम्यान राहिला तर खरोखरच काही जात नाही. पण तो 2800 वर गेला तर नुसता पुट घेतलेल्या खाणीला हप्ता वजा जाता 2750 डॉलर मिळतात आणि कॉलर घेतलेली खाण 2300 वरच थांबते. औंसामागे 450 डॉलरचा हा फरक कोणत्याही खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, म्हणून त्याला शून्य खर्च म्हणण्याची प्रथा पडली आहे.

तरीही इथपर्यंत फक्त नफ्यावर पाणी सोडणे आहे. खरी आपत्ती पुढच्या पायरीवर सुरू होते. इसार गोड लागला म्हणून खाणीने एक लाखाऐवजी दोन लाख औंसांचे कॉल विकले आणि भाव 2800 वर गेला, तर तिला दोन लाख औंसांवर प्रत्येकी 500 डॉलरचे देणे होते, विकायला सोने मात्र एक लाख औंसच असते. जादा कॉलचे 50 डॉलर जमेस धरले तरी तिला औंसामागे 1850 डॉलर उरतात, म्हणजे ज्या 1900 च्या तळासाठी हा सगळा खटाटोप केला त्याच्याही खाली. वर्षभरात खाणीत पाणी शिरले, दरड कोसळली किंवा संप झाला आणि उत्पादन निम्म्यावर आले, तर जादा कॉल न विकताही हीच स्थिती ओढवते, कारण जे सोने निघणारच नाही त्याचेही बंधन आधीच पत्करलेले असते.

अशांटी या पायऱ्या उतरत गेली होती. ओबुआसी येथील खाण चालवण्यासाठी 1897 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी 1994 मध्ये लंडन आणि अक्राच्या शेअर बाजारांत, तर 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, आणि आफ्रिकेला तिचा सार्थ अभिमान होता. घाना सरकारकडे तिचे सुमारे एकपंचमांश समभाग होते. सोने वर्षानुवर्षे घसरत असल्यामुळे कंपनीचा वित्त विभाग पुढचे सोने विकत होता, पुट घेत होता, कॉल विकत होता आणि त्याशिवाय सोन्याच्या भाड्याच्या दरावरही करार करत होता. 1999 मध्ये तिचे वर्षाचे उत्पादन सुमारे 15 लाख औंस होते आणि करार सुमारे एक कोटी औंसांचे झाले होते. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनने आपल्या साठ्यातले निम्म्याहून अधिक सोने लिलावाने विकण्याची घोषणा केली आणि भाव आणखी पडून उन्हाळ्यात 250 डॉलरच्या जवळ आला. अशांटीचे डावपेच तेव्हा अचूक वाटत होते. जूनअखेर तिच्या करारांचे मूल्य सुमारे 29 कोटी डॉलरने जमेत होते.

26 सप्टेंबर 1999 या रविवारी वॉशिंग्टनमध्ये युरोपातील पंधरा मध्यवर्ती बँकांनी जाहीर केले की पुढील पाच वर्षांत त्या वर्षाला 400 टनांहून अधिक सोने विकणार नाहीत आणि सोने उसने देण्याचे प्रमाणही वाढवणार नाहीत. ज्या दोन गृहीतकांवर खाणींचे करार उभे होते, म्हणजे भाव पडत राहील आणि उसने सोने स्वस्त मिळेल, ती दोन्ही एकाच निवेदनाने कोसळली. भाव उसळला, भाड्याचे दर कित्येक पटींनी वाढले आणि अशांटीचे करार 29 कोटींच्या जमेतून सुमारे 57 कोटी डॉलरच्या देण्यात गेले. बँकांनी 30 कोटींपर्यंतचे देणे विनातारण सोसण्याचे मान्य केलेले होते. त्यावरच्या 27 कोटींसाठी त्यांनी हात पुढे केला.

इथे थांबून विचार करण्यासारखे काहीतरी आहे. भाव चढल्यामुळे जमिनीखालच्या सोन्याचे मूल्यही वाढलेच होते, आणि कंपनीची मालमत्ता व देणी कागदावर मांडली तर ती बुडालेली नव्हती. पण खडकातले सोने काढायला वर्षे लागतात आणि तारणाची मागणी दिवसांत पुरी करायची असते. अशांटीला भावाने जेवढे अडचणीत आणले त्याहून अधिक करारातल्या तारणाच्या कलमाने आणले. पुट विकत घेणाऱ्याला असे कलम लागूच होत नाही, कारण त्याने किंमत आधीच चुकती केलेली असते. ज्या गोल्डमन सॅक्स या बँकेचा कंपनीला आर्थिक सल्ला होता, तीच करारांच्या दुसऱ्या बाजूलाही होती, ही गोष्टही नजरेआड करण्यासारखी नाही. विमा कोणता घ्यावा हे विमा विकणाऱ्यालाच विचारले, तर हप्ता कमी दिसेल आणि विक्री जास्त होईल असाच विमा सुचवला जाणार.

अखेर सतरा बँकांनी तारणाची मागणी तीन वर्षे स्थगित ठेवली आणि त्या बदल्यात कंपनीच्या सुमारे 15 टक्के समभागांवर हक्क मिळवला. टांझानियातील गेइटा ही नवी, आशादायक खाण निम्मी विकावी लागली. ती ज्या अँग्लोगोल्ड या दक्षिण आफ्रिकी कंपनीने घेतली, त्याच कंपनीत 2004 मध्ये अशांटीचे विलीनीकरण झाले. घानाची राष्ट्रीय प्रतिष्ठा मानली गेलेली कंपनी स्वतंत्रपणे उरली नाही. कॅनडातील कॅम्बिओर ही कंपनीही त्याच आठवड्यांत अशाच कारणांनी अडचणीत आली. ऑस्ट्रेलियातील सन्स ऑफ ग्वालिया या कंपनीने आगाऊ विकलेले सोने देण्याइतका साठा तिच्या खाणींत उरला नव्हता, आणि ऑगस्ट 2004 मध्ये तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला.

या सगळ्यांच्या तुलनेत बॅरिकचे उदाहरण वेगळे आहे आणि म्हणून उपयोगी आहे. कॅनडाच्या या कंपनीची आगाऊ विक्री जगात सर्वांत मोठ्यांपैकी एक होती, पण तारण न मागण्याची आणि सोने बऱ्याच वर्षांत केव्हाही देण्याची मुभा तिने करारात मिळवली होती. त्यामुळे 1999 ची उसळी तिने सहज सोसली. पुढच्या दशकात सोने हजार डॉलरकडे निघाले तेव्हा मात्र ठरलेल्या भावाचे हेच करार तिला जड झाले. सप्टेंबर 2009 मध्ये तिने नवे समभाग विकून पैसा उभा केला आणि त्या तिमाहीत साडेपाचशे कोटी डॉलरहून अधिक तोटा लिहून करारांतून सुटका करून घेतली. पुढच्याच वर्षी अँग्लोगोल्ड अशांटीनेही अडीचशे कोटी डॉलरहून अधिक खर्च करून आपले जुने करार मिटवले. त्यानंतर आमच्याकडे हेजिंग नाही, हे वाक्य कंपन्या भूषणासारखे मिरवू लागल्या.

या भूमिकेमागचा युक्तिवाद गुंतवणूकदाराचा आहे आणि त्याच्यापुरता तो बिनचूक आहे. न्यूयॉर्कचा किंवा टोरांटोचा गुंतवणूकदार म्हणतो की मी खाणीचे समभाग सोन्याचा भाव वाढेल या अपेक्षेने घेतो. मला भावाची जोखीम नको असती तर मी ते घेतलेच नसते. तेव्हा माझ्या वतीने ती जोखीम विकून टाकण्याचा अधिकार व्यवस्थापनाला नाही. त्याच्याकडे इतर पन्नास कंपन्यांचे समभाग असतात. सोने पडले तर त्याच्या मालमत्तेचा एक कोपरा झिजतो, एवढेच.

ओबुआसीतल्या खाणकामगाराकडे दुसऱ्या पन्नास नोकऱ्या नसतात. त्या गावातले दुकान, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली हे सगळे एकाच खाणीवर अवलंबून असते आणि सोन्याच्या भावावर पैज लावण्याचा निर्णय त्यांनी कधीच घेतलेला नसतो. एप्रिल 2013 मध्ये दोनच कामकाजी दिवसांत सोने औंसाला सुमारे 200 डॉलरनी कोसळले, आणि ते वर्ष संपेपर्यंत भाव चौथाईहून अधिक उतरला. भावाचे कसलेही संरक्षण नसलेल्या अँग्लोगोल्ड अशांटीने 2014 अखेर ओबुआसीचे उत्पादन जवळजवळ थांबवले आणि हजारो कामगारांना घरी पाठवले. खाण जुनी, खोल आणि खर्चिक झाली होती, दुरुस्ती कधी ना कधी करावीच लागणार होती, हे खरे आहे. पण ती दुरुस्ती काम चालू ठेवून करायची की गाव रिकामे करून, हे त्या वेळी खिशात किती पैसा आहे यावर ठरते. खाण बंद असताना बेकायदा खोदकाम करणारे आत शिरले, आणि नव्याने सोने निघायला डिसेंबर 2019 उजाडले. एकाच गावाने चुकीच्या विम्याची किंमत 1999 मध्ये मोजली आणि विमा नसल्याची 2014 मध्ये. या दोन टोकांच्या मधला मार्ग या गावाच्या वाट्याला एकदाही आला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा मधला मार्ग कल्पनेतला नाही. मेक्सिकोचे सरकार अनेक वर्षे आपल्या खनिज तेलाच्या उत्पन्नासाठी नेमके हेच करत आले आहे. दरवर्षी सुमारे शंभर कोटी डॉलर प्रीमियम मोजून ते पुट ऑप्शन विकत घेते. बहुतेक वर्षी हा पैसा वाया गेलेला दिसतो आणि त्यावर टीकाही होते. पण भाव कोसळले तेव्हा 2009 साठी त्याला सुमारे 500 कोटी आणि 2015 साठी 600 कोटींहून अधिक डॉलर मिळाले, आणि अर्थसंकल्पाला ऐन मंदीत मोठा आधार झाला. तेल महागले तर त्याचा लाभ पूर्णपणे मेक्सिकोचाच राहतो, कारण त्याने कोणाकडून इसार घेतलेला नसतो.

प्रीमियम फार महाग पडतो, हा यावरचा मुख्य आक्षेप आहे. वर्षानुवर्षे भावाच्या अडीच टक्के देत राहिलो तर नफ्याचा मोठा भाग बँकांच्याच घशात जाईल, असे वित्त अधिकारी सांगतात. आजच्या भावाच्या अगदी जवळचा पुट दरवर्षी सगळ्या उत्पादनासाठी घेतला तर हे खरे ठरेल. पण खाणीला आजचा नफा टिकवण्यासाठी विमा नको आहे. काम बंद पडू नये यासाठी हवा आहे. त्यासाठी उत्पादनखर्चाच्या थोडा वरचा, म्हणजे चालू भावापेक्षा बराच खालचा पुट पुरतो आणि तो पुष्कळ स्वस्त मिळतो. पंपांच्या विजेचे बिल भरताना या महिन्यात पूर आला नाही म्हणून पैसा वाया गेला, असे कोणताही खाणव्यवस्थापक म्हणत नाही. प्रीमियमही त्याच खात्यात लिहायला हवा. पूर्वी हिशेबाच्या नियमांमुळे विकत घेतलेल्या ऑप्शनच्या मूल्यातले चढउतार दर तिमाहीच्या नफ्यात उमटत आणि त्यामुळेही कंपन्या पुटपासून दूर राहत. 2018 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने ती अडचण बरीच कमी केली आहे.

ऑप्शनकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. कर्नाटकातील कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली तेव्हा सोन्याचा भाव 260 डॉलरच्या आसपास होता आणि तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणीचा औंसामागचा खर्च त्याच्या कितीतरी पटींनी जास्त होता. खर्चच भावापेक्षा जास्त असलेल्या खाणीला कोणताही पुट वाचवू शकत नाही, कारण त्याची किंमत होणाऱ्या तोट्याएवढीच पडते. भावाचा विमा निरोगी खाणीला अपघातातून सावरतो. म्हाताऱ्या खाणीला तरुण करत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे, पण तिच्याबाबत तडजोड नसावी. जिथे सरकार भागधारक आहे किंवा खनिज राष्ट्राच्या मालकीचे आहे, तिथे खाणपट्टा देतानाच अट घातली पाहिजे की कंपनी न काढलेल्या सोन्यावर कॉल विकणार असेल तर ते पुढच्या एक-दोन वर्षांच्या खात्रीच्या उत्पादनाच्या लहानशा हिश्श्यापलीकडे जाणार नाहीत आणि तारण मागण्याचे कलम असलेला एकही करार ती करणार नाही. भाव 20 टक्क्यांनी, 50 टक्क्यांनी चढला किंवा उतरला तर करारांचे मूल्य काय होईल, हे तिने दर तिमाहीला सामान्य भागधारकाला आणि कामगार संघटनेला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करावे. अशांटीच्या करारांचा असा एक तक्ता जून 1999 मध्ये छापला गेला असता, तर 29 कोटींच्या जमेच्या आकड्याखाली 325 डॉलरला काय होईल तेही लोकांना दिसले असते. नव्या खाणीला कर्ज देणाऱ्या बँका आपल्या पैशाच्या सुरक्षेसाठी हेजिंगची सक्ती करतात; ती सक्ती पुट घेऊन पुरी करण्याची मुभा कर्जदाराला असली पाहिजे. आणि सरकार भाव चढल्यावर स्वामित्वधन व कर यांतून वाटा घेते, तर हप्त्याचा काही भार त्यानेही उचलावा.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या कापूस बाजारात ऑप्शनचा व्यवहार तेजी-मंदी या नावाने जुन्या काळापासून चालत आला होता. तेजी लावणे म्हणजे कॉल घेणे आणि मंदी लावणे म्हणजे पुट घेणे. 1952 च्या वायदेबाजार कायद्याने वस्तूंवरच्या या व्यवहाराला बंदी घातली, आणि ती उठल्यानंतर 2017 च्या धनत्रयोदशीला मुंबईतल्या एमसीएक्स या वायदेबाजारात पहिला ऑप्शन सुरू झाला तो सोन्याचाच. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण कर्नाटक सरकारच्या कंपनीची आहे. तिच्या सोन्याच्या भावाला संरक्षण असावे की नसावे, असले तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्याजोगा आहे.

सोन्याच्या भावाची जोखीम नकळत अंगावर घेण्याचा मोह केवळ खाणींनाच होतो असेही नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2015 पासून सुवर्ण रोखे विकले, तेव्हा पहिल्या रोख्याची किंमत ग्रॅमला 2684 रुपये होती. आठ वर्षांनी त्याची परतफेड 6132 रुपयांनी करावी लागली, शिवाय दरवर्षी व्याज दिले ते वेगळे. भाव चढण्याचे बंधन सरकारने विकले होते आणि तेवढे सोने राखून ठेवले नव्हते. फेब्रुवारी 2024 नंतर नवे रोखे निघाले नाहीत. रोखे घेणाऱ्या मध्यमवर्गाला लाभ झाला याचा आनंदच आहे, पण हे बंधन किती कोटींचे होऊ शकते याचा तक्ता विक्री चालू असतानाच अर्थसंकल्पासोबत मांडला जायला हवा होता.

ऑक्टोबर 2025 मध्ये सोने औंसाला 4000 डॉलरच्या वर गेले. जगातल्या मोठ्या खाणींचा सर्व खर्च धरून औंसामागचा आकडा साधारण दीड हजार डॉलरच्या घरात आहे. याचा अर्थ असा की कामगारांचे पगार आणि खाणीची देखभाल सुरक्षित ठेवू शकेल असा 2500 डॉलरच्या आसपासचा पुट चालू भावापासून इतका दूर आहे की त्याचा हप्ता नफ्याच्या मानाने अगदी किरकोळ पडेल. भाव खाली आला की हाच पुट महाग होईल, आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांना तो परवडणार नाही. 2011 मध्ये सोने 1900 डॉलरजवळ असतानाही असा स्वस्त पुट घेण्याची संधी होती, पण तेव्हा भाव पडेल असे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नव्हते. ओबुआसीच्या खाणीतून आज पुन्हा सोने निघत आहे. घाना सरकारने आणि तिथल्या कामगार संघटनेने या वर्षीच्या वाटाघाटींत वेतनवाढीबरोबर या हप्त्याचाही आकडा कंपनीपुढे ठेवावा.